माप बरोबर आहे, तरी डबा साबणदाणीसारखा काहून दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचाच मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, आपल्या आमला पॅसेंजरचे चार डबे घरीच शीट कापून केले, एक एसएलआर, म्हणजे गार्ड-लगेजचा डबा, आणि तीन जनरल. म्हणतो, काका, कॅलिपर लावून सगळी मापं तपासली, बरोबर आहेत, पण डबा खरा वाटतच नाही, साबणदाणी रुळावर ठेवल्यासारखी वाटते, अजून कोणते डिटेल टाकू? बोग्या मागवू की घरीच करू? आणि पुढं मेमू, म्हणजे विजेवरची लोकलसारखी पॅसेंजर, करायची आहे त्याचं काय? सोबत सात फोटो.

भाऊ, फोटो मोठे करून पाहिले, दोनदा पाहिले. आधी चांगलं सांगतो. कापणी सफाईदार आहे, एसएलआरच्या लगेजच्या दरवाज्यावरच्या पट्ट्या तू एकसारख्या अंतरावर लावल्या ते मला पहिली दोन वर्षं जमलं नव्हतं. मापंही खरंच बरोबर आहेत. आयसीएफ, म्हणजे पेरांबूरच्या कारखान्याच्या जुन्या पद्धतीच्या, डब्याची बॉडी २१,३३७ मिमी, ८७ नं भागलं की २४५ मिमी, रुंदी ३,२४५ म्हणजे ३७.३ मिमी, तुझा डबा २४५ बाय ३७.५ आलाय. पाव मिलीचा फरक कोणाच्या बापाला दिसत नाही, सोडून दे.

साबणदाणी दिसते त्याचं कारण एकच आहे बघ, तुझ्या डब्यावर कुठंच सावली पडत नाही. खिडकी सपाट, छत सपाट, खाली अंधार असायला पाहिजे तिथं उजेड. अजून पन्नास डिटेल चिकटवले तरी ती डिटेलवाली साबणदाणीच राहील. म्हणून जे सांगून राहिलो ते याच हिशेबानं वाच, कोणती वस्तू सावली पाडते ती आधी, बाकीची नंतर किंवा कधीच नाही.

सुरुवात खिडकीपासून. तू २ मिलीची शीट वापरली आणि बाहेरून ओएचपी शीट चिकटवली, त्यावर गज प्रिंट केलेले. इथंच सगळं गेलं. बाहेरून चिकटवलेली पारदर्शक शीट चमकते, आणि आपल्या पॅसेंजरच्या जनरल डब्यात चमकणारी काच तू कधी पाहिली का? मे महिन्यात तर अजिबात नाही, सगळ्या खिडक्या उघड्या, लोक कोपर बाहेर काढून बसलेले. आणि ती शीट काढली तर दुसरा प्रॉब्लेम, २ मिलीची भिंत म्हणजे खऱ्यात १७४ मिमी, ती डब्याची नाही, सीताबर्डीच्या किल्ल्याची भिंत झाली. लोक सनबोर्डचे डबे करतात ३ मिलीचे, ते तर २६१ मिमी, तोफ ठेवायची जागा होते.

मी कसं करतो ते सांगतो. दोन थर. बाहेरचा थर अर्ध्या मिलीच्या स्टायरीन प्लॅस्टिकचा, त्यात खिडक्या नेमक्या मापाच्या. आतला थरही अर्ध्या मिलीचा, पण त्यातल्या खिडक्या चारही बाजूंनी एकेक मिली मोठ्या. दोन्ही चिकटवायच्या आधी मधात गज घालायचे. गजासाठी कुठं ऑनलाइन शोधत बसू नको, मोटर वाइंडिंगवाल्याकडं जा. नागपुरात कूलर दुरुस्तीची दुकानं गल्लीगल्लीत आहेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर त्यांच्याकडं जळलेल्या मोटरींचा ढीग असतो, त्याला म्हण ३८ नंबरची तार दे थोडी. ३८ नंबर म्हणजे ०.१५ मिमी, ८७ नं गुणलं की १३ मिमी, खऱ्या गजाच्या आसपासच. ४० नंबर मिळाली तर ०.१२, अजून छान, पण ती हातात टिकत नाही, पहिल्या डब्याला ३८ च घे. तार सरळ करायची युक्ती अशी की एक टोक व्हाइसमध्ये धरायचं, दुसरं पक्कडीत, आणि हळूच खेचायचं, किंचित लांबल्याचं हाताला कळतं, तिथं थांबायचं. मग ती आरशासारखी सरळ होते आणि तशीच राहते. एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांवरून एकच लांब तार न्यायची, दोन टोकांना टेपनं ताणून धरायची, एकेका ओळीला असं करत जायचं, वर आतला थर दाबायचा आणि पातळ सॉल्व्हंट कडेनं सोडायचं. एक बाजू करायला मला अजूनही पूर्ण संध्याकाळ लागते, आणि बायको म्हणते की सतार बनवून राहिलेत काय.

एक लक्षात ठेव, इमर्जन्सी खिडकीला गज नसतात आणि ती लाल रंगानं दाखवलेली असते, सगळ्या खिडक्या एकसारख्या गजाच्या केल्या तर जाणकार माणूस पहिलं तेच पकडतो. पकडू दे म्हण, पण करून टाक, पाच मिनिटांचं काम आहे.

आता शटर. दोन थरांमधल्या खाचेत अर्ध्यापर्यंत उतरलेलं शटर बसवता येतं, शटरच्या आडव्या फटींसाठी बारीक खाचा पाडलेली शीट मिळते, नाही मिळाली तर सुरीच्या पाठीनं ओरखडे मार. सगळी शटर सारखी नको ठेवू. दुपारी नागपूरहून वर जाणारी गाडी डोळ्यासमोर आण, पश्चिमेच्या बाजूची शटर जवळपास सगळी खाली, पूर्वेकडची सगळी वर, आणि खाली ओढलेल्या शटरांमध्ये एखादं अर्धं उघडं, तिथून कोणीतरी पाण्याची बाटली भरायला प्लॅटफॉर्मवर उतरलेल्या माणसाला हाक मारून राहिलाय. ही एक गोष्ट केली की चारही डबे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसायचे बंद होतात. माझ्या रेकमधले दोन जनरल डबे शंभर टक्के सारखे आहेत, नुसती शटर वेगळी, आजवर कोणी ओळखले नाहीत.

आत सीट टाक, बारीक काही करायची गरज नाही, पाठीची उंची दिसली पाहिजे बस. माणसं आर्किटेक्टच्या मॉडेलसाठी मिळतात ती १:१०० ची घे, स्वस्त पडतात, बसलेली माणसं असली की थोडी लहान चालतात, पाय कापून टाकायचे. बिनारंगाची पांढरी पुतळ्यासारखी मात्र नको बसवू, आधी पूर्ण तपकिरी मारून नंतर कपड्यांवर एकेक ठिपका दे. आणि आतमध्ये पांढऱ्याशुभ्र एलईडीची पट्टी लावायचा मोह आवर, तू फोटो क्रमांक चारमध्ये लावली आहे, डबा मोबाईलच्या दुकानासारखा झळकून राहिलाय.

छतावर ये. हे कोणी सांगत नाही पण मॉडेलचं सगळ्यात जास्त दिसणारं अंग छत असतं, कारण आपण टेबलावर वाकून वरून पाहतो, आणि खऱ्या गाडीचं छत आपण कधी पाहतच नाही कारण आपण प्लॅटफॉर्मवर असतो. म्हणून सगळ्यांची छतं अंदाजपंचे. एक प्लॅटफॉर्म तिकीट काढ, संत्रा मार्केटच्या बाजूनं आत शीर आणि स्टेशनच्या पादचारी पुलावर अर्धा तास नुसता उभा राहा, कोणाला अडथळा न होता. फोटोपेक्षा कागदावर चित्र काढ, काढताना जास्त दिसतं. यार्डात, रुळावर उतरायच्या भानगडीत मात्र पडू नको, डिटेल काही पळून चाललेले नाहीत.

पुलावरून काय दिसेल? बिगर एसी आयसीएफ डब्याच्या छतावर ओळीनं बसलेले व्हेंटिलेटर. ते मोज आणि कुठून कुठवर आहेत ते लिही. दोन्ही टोकांना संडासाच्या वर पाण्याच्या टाक्या असतात, त्यामुळे टोकाकडच्या छतावर मधल्यासारखी रांग नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, छत जिथं बाजूच्या भिंतीला भेटतं तिथली पावसाच्या पाण्याची पन्हाळ. तुझ्या डब्यावर ती नाहीच. दिसायला क्षुल्लक आहे, ०.२५ मिलीची एक पट्टी, पण तिची बारीक सावली पूर्ण डब्याच्या लांबीभर पडते आणि तिथं छत संपतं, भिंत सुरू होते हे डोळ्याला कळतं. साबणदाणीचं झाकण आणि डबा यातला फरक इतकाच आहे म्हण.

छताचा रंग चमकता सिल्व्हर मारलास, तो काढ किंवा वरून मॅट मार. विजेच्या तारेखाली धावणाऱ्या गाडीचं छत मधून मळकट तपकिरी होतं, कडांना थोडं उजळ राहतं. कोरड्या ब्रशनं पावडर घासली की झालं.

आता खाली. तुझ्या फोटोत डबा उंच दिसून राहिला, चालताना धोतर वर धरल्यासारखा. मी स्क्रीनवर मोजलं, तुझ्या बफरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून १५ मिमीच्या आसपास येतो. ब्रॉडगेजवर बफरची उंची १,०३० ते १,१०५ मिमीच्या दरम्यान असते, म्हणजे एचओमध्ये जास्तीत जास्त १२.७. तू सव्वादोन मिली वर आहेस, खऱ्या डब्यावर ते २०० मिमी होतात, आठ इंच! हे एकच दुरुस्त केलं तरी डबा निम्मा सुधारेल, खोटं नाही सांगत. बोगीच्या वरचा वॉशर काढ, नाही पुरलं तर बोल्स्टर, म्हणजे डबा ज्यावर टेकतो ती बोगीची मधली आडवी तुळई, घास. घासताना आधी बफर लावून घे म्हणजे उंची तपासायला काही ठिकाण राहतं. दोन बफरांमधलं अंतर मध्य ते मध्य १,९५६ मिमी, एचओमध्ये २२.५ येतं, तुझं २० आहे, युरोपातल्या डब्याचे बफर पाहून लावले असशील.

शब्दाचा घोळ आधी मिटवू. आपल्याकडं लोक अख्ख्या डब्याला बोगी म्हणतात, पेपरातही तेच छापतात. मी बोगी म्हणतो ती खालची चार चाकांची गाडी, एका डब्याला दोन.

ही बोगी घरी करू की मागवू? चाकं मागव, बाकी घरी कर किंवा थ्रीडी प्रिंट करून घे. आयसीएफचं चाक ९१५ मिमी. अमेरिकेतल्या पॅसेंजर डब्यांचं चाक ३६ इंची असतं, म्हणजे ९१४ मिमी, त्यामुळे तिकडच्या मॉडेलवाल्यांसाठी जी ३६ इंची एचओ चाकं निघतात ती आपल्या डब्याला आयती बसतात, १०.५ मिमी व्यासाची. अॅक्सलची लांबी मात्र ब्रँडप्रमाणे बदलते, म्हणून चाकं हातात आल्यावरच फ्रेम प्रिंट करायची, आधी नाही. मी एकदा उलटं केलं होतं, आठ फ्रेम वाया. आयसीएफ बोगीत दोन चाकांमधलं अंतर २,८९६ मिमी, एचओमध्ये ३३.३, आणि दोन बोग्यांच्या मध्यांतलं १४,७८३, म्हणजे १७० मिमी.

बोगीच्या बाजूनं डोळ्याला काय दिसलं पाहिजे? प्रत्येक अॅक्सल बॉक्सच्या दोन्ही बाजूंना उभ्या स्प्रिंगा, मधात बोल्स्टरखालच्या मोठ्या स्प्रिंगा, त्यांना टांगून धरणारे हँगर. मधल्या स्प्रिंगांच्या मागं पोकळी असते, तिथून पलीकडचा अंधार दिसतो. प्रिंट करणारे बहुतेक जण ती पोकळी भरून टाकतात, सगळं एका पाटीवर उठावाचं काम केल्यासारखं, आणि मग सावली गेली. फाइल स्वतः बनवत असशील तर ती पोकळी आरपार ठेव, थोडी नाजूक होईल, होऊ दे.

एलएचबीच्या, म्हणजे नव्या जर्मन पद्धतीच्या डब्यांच्या, बोगीशी गल्लत करू नको. तिचं अंतर २,५६० मिमी, चाकाला ब्रेकचे ठोकळे नसतात, अॅक्सलवर डिस्क असतात, रचनाच वेगळी. डबाही लांब, २३,५४० ची बॉडी म्हणजे २७० मिमी. टोकाला बाजूचे बफर नसतात, मधलं एकच कपलर.

गेजचं रडगाणं सगळ्यांचंच आहे. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिमी, एचओमध्ये १९.३ यायला पाहिजे, आणि बाजारातला रूळ १६.५, जो १,४३५ च्या गेजसाठी आहे. स्वतः रूळ टाकणारे शूर लोक आहेत, मी नाही. १६.५ वरच चालव, पण बोगीच्या बाजूच्या फ्रेम खऱ्या रुंदीवरच ठेव, चाकाजवळ आत ढकलू नको. चाक दोन्हीकडं सव्वा-दीड मिली आत जाईल, आतली बाजू काळपट मार, बाजूनं पाहणाऱ्याला कळत नाही. समोरून पाहणाऱ्याला कळतं, त्याला चहा द्यायचा.

डब्याच्या पोटाखाली तू जवळपास काहीच लावलं नाहीस आणि जे लावलंस ते चुकीचं लावलंस, रागावू नको. तुझा डबा मरून आहे. त्याच्या खाली बायो-टॉयलेटच्या टाक्या आहेत. आणि नंबर ०४ नं सुरू होतो. भाऊ, एका डब्यात तीन जमाने आले. मरून रंग व्हॅक्यूम ब्रेकच्या काळातला, निळा रंग एअर ब्रेकच्या डब्यांबरोबर नव्वदच्या दशकात पसरला. बायो-टॉयलेटची सुरुवात २०११ ची. नंबरातले पहिले दोन आकडे डबा बनल्याचं साल सांगतात, म्हणजे तुझा डबा २००४ मध्ये बनला आणि तरी मरून! पुढचे तीन आकडे प्रकार सांगतात, २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल, ७०१ ते ८०० एसएलआर. तू एका जनरलला २४५ दिलाय. हे मात्र एकवेळ चालून जाईल, कारण जुने स्लीपरचे डबे जनरल म्हणून पॅसेंजरला जोडलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत, झोपायच्या बर्थवर सहा-सहा जण बसलेले.

तर आधी साल ठरव. साल ठरलं की पोटाखालचं आपोआप ठरतं. मरून ठेवायचा असेल तर खाली व्हॅक्यूमचे मोठे उभे सिलिंडर, संडासाचे सरळ खाली सोडलेले पाइप, टाक्या नाहीत. निळा करायचा असेल तर एअर ब्रेकची आडवी टाकी आणि सिलिंडर, आणि टोकाला होज पाइप, ब्रेक पाइप हिरवा, फीड पाइप पांढरा. अर्ध्या मिलीच्या वायरचे दोन तुकडे वाकवून लावले की टोक एकदम जिवंत होतं. २०१५ नंतरचं काही करायचं असेल तर बायो-टॉयलेटच्या टाक्या दोन्ही टोकांना संडासाखाली, स्टीलच्या, मळलेल्या. आयसीएफचा शेवटचा डबा पेरांबूरच्या कारखान्यातून जानेवारी २०१८ मध्ये निघाला, त्यामुळे त्यानंतरच्या सालाचा नंबर आयसीएफ बॉडीवर टाकू नको. माझा सल्ला निळाच कर, २००५ च्या आसपासचा, कारण तुझ्या वडिलांना तो आठवत असेल आणि फोटो भरपूर मिळतील.

बॅटरी बॉक्स मधोमध लाव, तो सगळ्या काळात होता आणि आकारानं मोठा आहे, बाजूनं सगळ्यात आधी तोच दिसतो. बोगीजवळ अल्टरनेटर, त्याला पट्टा. दरवाज्याखालच्या लोंबत्या पायऱ्या. दरवाज्याच्या दोन्हीकडचे दांडे वाइंडिंगच्या २८ नंबर तारेचे कर, ०.३८ मिमी, स्टेपलरची पिन वापरतात लोक पण ती जाड दिसते आणि चपटी असते. ज्या पाइपा, लिव्हर, दोऱ्या फक्त डबा उलटा केल्यावरच दिसतात त्या नाही लावल्या तरी चालेल. मी लावल्या होत्या एका डब्याला, दीड महिना गेला, आजवर तो डबा कोणी उलटा केला नाही.

वजन विसरू नको. तुझा डबा नुसत्या शीटचा, पन्नास-साठ ग्रॅमचा असेल. अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना एनएमआरए, तिचा ठोकताळा आहे की एचओ डब्याला एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, त्या हिशेबानं तुझ्या डब्याला १६५ ग्रॅम पाहिजे. इतवारीतून वॉशर आणून सीटखाली चिकटव, किंवा टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजनं मागून घे, हात धुवायचे नंतर.

रंग आणि नागपूरचं ऊन, हा वेगळा विषय आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवर स्प्रे मारशील तर रंग हवेतच वाळतो आणि डब्यावर खरखरीत भुकटी बसते. मग लोक म्हणतात खोलीत मारू, खोलीत कूलर सुरू, हवेत ओल, लॅकरवर पांढरट झाक येते. सकाळी सहा ते आठ, कूलर बंद, खिडकी उघडी, हीच वेळ. आणि पीएलएची, म्हणजे थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लॅस्टिकची, प्रिंट कारमध्ये ठेवायची नाही! मी एकदा छत प्रिंट करून आणलं आणि सदरमध्ये काम होतं म्हणून कार उन्हात लावली, दीड तासानं आलो तर छत संत्र्याच्या फोडीसारखं वळलेलं. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि बंद कार आपल्याकडं तेवढी सहज तापते. उलटं दाबून सरळ करायला गेलो तर मोडलं.

निळा रंग डबीतून काढून तसाच मारू नको, छोट्या वस्तूवर गडद रंग अजून काळा दिसतो, दहा भागांत एक भाग पांढरा मिसळ. अक्षरांची गोम अशी की घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी किंवा पिवळी शाई गडद रंगावर उठतच नाही. म्हणून पांढऱ्या डेकल पेपरवर निळी पार्श्वभूमी छापायची आणि अक्षरं कोरी सोडायची, पार्श्वभूमीचा निळा डब्याच्या निळ्याशी जुळवायला चार-पाच प्रिंट वाया जातील. रेडियमवाल्याकडून अक्षरं कापून घ्यायचा विचार मीही केला होता, खिडक्यांवरून जाणाऱ्या रुंद पट्ट्यांना रेडियम उत्तम, पण एवढी बारीक अक्षरं त्याच्या मशीनमध्ये फाटतात.

मळवायचं काम शेवटी. बोगी आणि डब्याचा खालचा भाग ब्रेकच्या धुळीनं विटकरी तपकिरी. संडासाच्या टोकाला टाकी ओसंडल्याचे पांढरट ओघळ. आणि खर्रा, आपला तंबाखू-सुपारीचा. नागपूरची गाडी आणि खर्ऱ्याचे डाग नाहीत, असं कसं चालेल बाप्पा! खिडकीच्या खालच्या कडेपासून सुरुवात, लालसर तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ, ब्रश शून्य नंबरचा, आणि ओघळ सरळ खाली नाही ओढायचा, गाडीच्या मागच्या दिशेला तिरपा, जाताना पुसट होत गेलेला. दरवाज्याजवळच्या डब्याच्या कोपऱ्यावर जास्त. एका बाजूला चार-पाच पुरेत, आणि दोन डाग एकाच आकाराचे नको. मी पहिल्यांदा केले तेव्हा इतके रंगलो की डब्याला गोवर आल्यासारखा दिसायला लागला, परत धुवून काढावा लागला.

वळणाचं पण पाहून घे. फोटो क्रमांक सहामध्ये १८ इंची वळण दिसतं, म्हणजे ४५७ मिमी त्रिज्या. एवढ्या वळणावर तुझा डबा मधोमध जवळपास ८ मिमी आत झुकतो आणि टोकं साडेआठ मिमी बाहेर जातात. शेजारचा रूळ ५० मिमीवर टाकलास तर समोरासमोर आलेल्या दोन गाड्या एकमेकींना घासणारच, हिशेब करून पाहा, ३७ मध्ये आतल्या गाडीचे साडेआठ आणि बाहेरच्या, थोड्या मोठ्या वळणावरच्या गाडीचे सात मिळवले की ५० च्या वर जातं. ३० इंची वळण घे, तिथं हेच आकडे पाचच्या आसपास येतात आणि बफरही एकमेकांत अडकत नाहीत. जागा नसेल तर डबे छाटून लहान करण्यापेक्षा नॅरो गेज कर, खरंच सांगतो. आपल्या नागपूर-छिंदवाडा लाइनचं गेज ७६२ मिमी होतं, एचओमध्ये ८.८ येतं, एन स्केलचा ९ मिमीचा रूळ जवळपास चपखल बसतो, डबे छोटे, वळणं घट्ट चालतात. कामठी रोडला मोतीबागेच्या नॅरो गेज म्युझियममध्ये जुनं सामान उभं आहे, टेप घेऊन जा, हात लावून पाहता येतं.

मेमूचं विचारलंस. करोनानंतर आपल्याकडच्या बऱ्याच पॅसेंजर मेमू झाल्या, इतवारी-गोंदियाला जाऊन पाहा, त्यामुळे करायलाच पाहिजे. पण आयसीएफच्या बॉडीला पुढं ड्रायव्हरची केबिन लावली की मेमू, असं नाही. मेमूची बॉडी लांबीला थोडी कमी, २०,७२६ मिमी म्हणजे २३८, पण रुंदीला ३,६५८, बारा फूट, एचओमध्ये ४२ मिमी. दोन्ही डबे शेजारी उभे केले की आयसीएफचा डबा बारीक चणीचा दिसतो. जुन्या मेमूत चार डब्यांचा एक संच, एक मोटर कोच आणि तीन ट्रेलर, तेवढाच केला तरी पूर्ण गाडी वाटते.

आणि म्हणून तुझा तो प्लॅटफॉर्म, फोटो क्रमांक सातमधला, अजून चिकटवला नसशील तर थांब. खऱ्या प्लॅटफॉर्मची कड रुळाच्या मध्यापासून साधारण १,६७० मिमीवर असते, एचओमध्ये १९.२, आणि मेमूची अर्धी रुंदी २१. म्हणजे मेमूचं अंग प्लॅटफॉर्मच्या कडेवरून जातं, खऱ्यातही तसंच आहे, प्लॅटफॉर्म जास्तीत जास्त ८४० मिमी उंच आणि अंग त्याच्या वर म्हणून निभतं. तुझा प्लॅटफॉर्म मी मोजला तर १२ मिमी उंच आहे, पाहिजे साडेनऊ. जनरलचे डबे त्याच्या शेजारून आरामात निघतील आणि तुला वाटेल सगळं ठीक आहे, पहिली मेमू आली की कड सोलून काढेल. पुठ्ठ्याची ४२ मिमी रुंद चौकट काप, एका जुन्या बोगीवर बसव, पूर्ण लेआउटवरून एकदा हातानं ढकलत ने, सिग्नलचे खांब, पुलाचे पाय, सगळीकडून, आणि मगच फेव्हिकॉल काढ.